दर्यासुराचा टोप

“नाय घालणार म्हणजे नाय घालणार! प्लास्टिकची बादली डोक्यावर उपडी मारून मी देवीसमोर उभा राहू?”

“बादली कुठं दिसली तुमाला? अजून मातीसुद्धा मळली नाय मी.”

“वास आला ना घरात! बोईसरची केमिकलची कंपनी आणून ठेवलीस तांदळाच्या डब्याशेजारी.”

“तांदळाच्या शेजारी नाय, ओटीवर हाय डबा. झाकण घट्ट लावलंय. तुमाला वास येत नाय, तुमाला राग येतो.”

“हंसे, तो पत्र्याचा टोप माझ्या मामानं घातला. त्याच्या आधी त्याच्या मामानं.”

“घातला ना. त्यांच्या माना शाबूत होत्या.”

“माझ्या मानेला काय झालंय?”

“डाव्या हातात चहाचा कप धरून दाखवा. भरलेला.”

कमलाकांतने कप धरला नाही. त्याने विषय बदलला, आणि बदलताना आवाज वाढवला.

“फायबरात जीव नसतो. लाकडाला तेल लावलं की लाकूड पितं. तुझ्या फायबरला लावून बघ, घरंगळून खाली येईल. जे तेल पीत नाय ते दर्याचं नाय.”

“बरं. मग भाचा घालील तुमचा तो पत्रा, कुंदन. तुमी बसा पुढच्या रांगेत, खुर्चीवर, पाहुण्यासारखे. हारसुद्धा घालतील.”

हे मात्र लागलं. तो उठला, खाटेवर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी दारात चपला काढत होते. काढलेल्या परत घालाव्यात की आत जावं, मला कळेना. हंसाबायनं मला पाहिलं.

“ये गं ये. संपलं भांडण. पहिला अंक झाला.”

मुरबे गावात चैत्रात गावदेवीची जत्रा भरते, आणि जत्रेच्या संध्याकाळी नाटक होतं. दर वर्षी तेच. एक तांडेल दर्याला न विचारता जाळं टाकतो, दर्यासूर चिडून त्याची होडी गिळतो, आणि तांडेलाची बायको किनाऱ्यावर उभी राहून दर्यासुराशी इतका कडाकडा वाद घालते की शेवटी तो होडी परत देतो. ते लिहिलं कुणी, कुणालाच माहीत नाही. वाक्यं एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात येत गेली. दर्यासूर विंगेतून येत नाही. तो समुद्राच्या बाजूनं, बसलेल्या लोकांच्या मधून चालत येतो. पोरं किंचाळतात आणि म्हाताऱ्या बायका हात जोडतात. मी पालघरची, नाटकाचं शिक्षण घेतलेली, म्हणून मंडळानं त्या वर्षी तालमी घ्यायला मला बोलावलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं की इथं मला शिकवण्यासारखं फार नाही.

दर्यासुराचं काम त्या एका घराकडे होतं, मामाकडून भाच्याकडे चालत आलेलं. कमलाकांत ते ऐन जवानीपासून करत होता. टोप पत्र्याचा, पितळी पट्ट्या ठोकलेला, वर माशाच्या पराचा मोठा तुरा आणि तो तुरा पुढं झुकलेला. तो दोन हातांनी उचलावा लागे. गेल्या वर्षी ऐन वादाच्या प्रवेशात कमलाकांतच्या डाव्या हातातलं वल्हं खाली पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दर्यासूर बाईच्या बोलण्यानं नरमला, असं त्यांना वाटलं. पडद्यामागं वाक्यं पुरवायला बसलेल्या हंसाबायला तेवढं कळलं, की वल्हं टाकलेलं नाही, पडलंय.

पालघरच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला आणि सांगितलं, डोक्यावर ओझं नको. एवढंसुद्धा नको. हात जाईल.

मंडळाचे जानूकाका मनानं मऊ, पण गावाला घाबरणारे. ते म्हणाले, “कमळ्या, तुझी मान गेली तर हंसाबाय माझी मान धरील. त्यापेक्षा यंदा कुंदनला करू दे. भाचाच हाय तुझा, परका नाय.”

“टोप हलका केला तर?” हंसाबायनं विचारलं होतं.

“हलका म्हणजे कसला? पुठ्ठ्याचा?”

“फायबरचा.”

जानूकाकांनी कान खाजवला. “जत्रेच्या आदल्या तालमीला आणून दाखव. शोभला तर कमळ्या. नाय शोभला तर कुंदन, पत्र्याचा घालून. बिनटोपाचा दर्यासूर मी देवीसमोर उभा करणार नाय.”

हे सगळं कमलाकांतच्या समोर बोललं गेलं, आणि तो एक शब्द बोलला नाही. बोलला तो घरी आल्यावर. ते वर आलंच आहे.

पण ते भांडण टोपाचं नव्हतंच, निदान नुसतं टोपाचं नव्हतं.

कमलाकांत लाकडी होड्या बांधायचा. खाडीच्या काठावर त्याचं काम चालायचं. फळ्या वाकवणं, फटींत कापूस ठासणं, आणि सगळं झाल्यावर मुशी नावाच्या शार्क माशाच्या काळजाचं तेल चोपडणं. त्याची एक रीत होती. नव्या होडीला पहिलं तेल मालकानं लावायचं नाही, बांधणाऱ्यानं लावायचं, तेही हाताच्या तळव्यानं. आणि जी होडी त्याला मनातून पटली नाही तिला तो तेल लावायचा नाही. डबा मालकाच्या हातात द्यायचा आणि घरी निघून यायचा. मालक काय ते समजायचे.

मग फायबरच्या बोटी आल्या. हलक्या. कुजत नाहीत, दर वर्षी कापूस ठासायला नको. गुजरातेतून कारागीर येऊन किनाऱ्यावर मांडव घालून काम करू लागले. हंसाबाय तेव्हा सकाळी बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घालायची आणि दुपारी त्या कारागिरांना चहा द्यायची. चहा देता देता बघायची. काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, ज्याला ते मॅट म्हणायचे. त्यावर रेझिन नावाचा चिकट रस, तो घट्ट करणारं हार्डनर घालून, ब्रशनं मारायचा, रोलर फिरवून हवा काढायची. एके दिवशी त्यांच्यातला एक तापानं पडला. रेझिन तर कालवून झालेलं. हंसाबायनं किटली खाली ठेवली, पदर खोचला आणि रोलर उचलला.

“वो बोला, मासी, छोडो,” ती मला सांगत होती, हिंदी अगदी त्या कारागिराच्या सुरात. “मी बोल्ले, तुम पकडो उधरसे, नाय तो बोट टेढी हो जायेगी.”

आता गावात कुणाच्या बोटीला तडा गेला, बर्फाची पेटी गळली, संडासाच्या दाराला भोक पडलं, की हाक हंसाबायला. पुरुष थट्टा करायचे, “हंसाबाय, साडीलापण एक थर मार, फाटायची नाय.” तिच्या पदरावर खरंच रेझिनचे थेंब वाळून कडक झालेले असत, आणि ती चालताना ते आवाज करत. ज्या वर्षी तिला पहिली अख्खी बोट मिळाली, त्याच वर्षी कमलाकांतला शेवटची लाकडी होडी. एका घरात हे दोन्ही झालं. तेव्हापासून तो तिच्या कामावर बोलायचा नाही. बोलायचा फक्त वासावर.

“म्हणून टोप फायबरचा करायचा ठरवलात?” मी विचारलं.

“नाय गं. दुसरं काय येतं मला?” ती म्हणाली. मग आत, खाटेच्या दिशेनं बघून हळू आवाजात, “वर्षभर हा माणूस खाटेवर. होडी नाय, काम नाय. तालीम सुरू झाली की उठायचा, दाढी करायचा, ओटीवर येरझाऱ्या घालत वाक्यं म्हणायचा. यंदा ते पण काढून घेतलं, तर तो उठंल कशाला, तूच सांग.”



डोक्याचं माप द्यायला कमलाकांतनं साफ नकार दिला. पण रोज संध्याकाळी हंसाबाय त्याची मान चोळायची, ती चोळूनच घ्यायचा. त्या दिवशी चोळता चोळता तिनं जाळं शिवायची दोरी काढली, कपाळावरून फिरवली, कानामागून आणली, हनुवटीखाली नेली, आणि प्रत्येक ठिकाणी गाठ मारली. मी ओटीवरून बघत होते. कमलाकांतचे डोळे मिटलेले होते. पण हनुवटीखाली दोरी जायची वेळ आली तेव्हा त्यानं हनुवटी किंचित वर केली.

“झोपलेत,” हंसाबाय मला म्हणाली.

“हो,” मी म्हटलं. “गाढ.”

गणपतीच्या कारखान्यातून उरलेली शाडू आणली. उपड्या हंड्यावर ती थापून, दोरीच्या गाठी लावून बघत, हंसाबायनं आधी मातीचं डोकं केलं. मग त्यावर मातीचाच टोप चढवला. मुशीच्या जबड्यासारखा उघडा, आत माणसाचं तोंड दिसेल असा, बाजूंना कल्ल्यांच्या चिरा, वर पराचा तुरा. कल्ले कोरायला तिनं मासे कापायची सुरीच घेतली. बाकी सगळं ती चाचपडत करत होती, पण कल्ल्यांच्या पाच चिरा मारताना हात एकदाही थांबला नाही. मातीवर प्लास्टर ओतून दोन भागांचा साचा काढला. साच्याला आतून मेण चोळलं, म्हणजे रेझिन चिकटू नये.

पहिल्या ओतकामाचा फज्जा उडाला. हार्डनर घातलं की रेझिन आपोआप तापतं; बोटीवर ते पातळ पसरतात, त्याची धग निघून जाते. इथं साच्यात ओतून फिरवायचं, म्हणून हंसाबायनं सगळं एकाच डब्यात एकदम कालवलं. चैत्रातली दुपार. मी साचा धरला, ती म्हणाली, “आता ओतते,” आणि डब्यातून धूर निघाला.

“हंसाबाय, धूर!”

“दिसतो मला!”

“सोडा तो डबा!”

“सोडू कुठं? बोंबलांवर?”

शेवटी तो डबा तिनं वाळूत फेकला. थंड झाल्यावर त्यातून डब्याच्याच आकाराचा, चिरा पडलेला पिवळा दगड निघाला. आतून कमलाकांतचा आवाज आला, “झाला का टोप?”

“झाला!” हंसाबाय ओरडली. “तुमच्याच स्वभावाचा झालाय!”

दुसऱ्या वेळी आम्ही उन्हं चढायच्या आत बसलो. थोडंथोडं रेझिन, हार्डनर बेताचं. साच्यात ओतायचं आणि घावनाचं पीठ तव्यावर फिरवतात तसा साचा हातातल्या हातात फिरवत राहायचं, सगळीकडून सारखं लागेपर्यंत. ते धरलं की पुढचा थर. मग आतून मॅटचे छोटे तुकडे, बोटीला लावतात त्यापेक्षा कितीतरी विरळ. माझे दंड भरून आले. ती मात्र पाळणा हलवावा तशी साचा हलवत होती, आणि मधूनच तांडेलाच्या बायकोची वाक्यं पुटपुटत होती. तिला सगळ्यांचीच वाक्यं पाठ.

साचा ठोकून सोडवायला लाकडी हातोडा हवा होता. तसा हातोडा घरात एकच, कमलाकांतच्या हत्यारांच्या पेटीत. हंसाबाय दारात उभी राहिली.

“मोगरी पायजे.”

 मग खाटेखालची पेटी सरकल्याचा आवाज झाला. एक हात बाहेर आला, त्यात मोगरी. तोंड भिंतीकडेच.

प्लास्टर फुटलं आणि टोप बाहेर आला. पिवळट, उन्हात धरला तर आरपार उजेड दिसेल असा, कच्च्या पापडासारखा. मी एका हातानं उचलला आणि हसायलाच लागले. हंसाबाय हसली नाही. तिनं पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, तिच्यावर टोप चढवला, आणि वलांडीच्या रांगेतून शेवटपर्यंत जाऊन आली, पाटी घेऊन चालते तशी.

“हलका हाय ना?” मी विचारलं.

“हलका हाय. पण पुढं ओढतो.” तिनं तुऱ्यावर बोट ठेवलं. “ओझं कपाळावर आलं की मान जाते. टाळूवर आलं की माणूस पालघरपर्यंत चालतं. त्या पत्र्याच्या टोपाची पण हीच खोड असणार. इतकी वर्षं कुणी बघितलीच नाय.”

तिनं तुरा ग्राइंडरनं कापला आणि मागं सरकवून पुन्हा जोडला. आत स्वतःच्या जुन्या साडीची चुंबळ शिवून बसवली. मग पुट्टी, आणि मग पॉलिश पेपर, पाणी लावून, तासन्‌तास. करकर, करकर. आतून दर थोड्या वेळानं “बंद कर ती करकर!” येत होतं, आणि आम्ही ते पार्श्वसंगीत समजत होतो. एकदा मात्र वाक्य बदललं.

“एकाच दिशेनं घास! गोल गोल फिरवलंस तर चट्टे दिसतील.”

हंसाबायचा हात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. मग एकाच दिशेनं घासू लागली.

तालमीच्या आदल्या दिवशी तिनं घासून गुळगुळीत झालेला टोप वलांडीच्या खांबावर उन्हात अडकवला आणि सुके बोंबील घेऊन पालघरच्या बाजारात गेली. आल्यावर रंग द्यायचा होता. निळा, वर चंदेरी. मी ब्रश धुऊन तयार ठेवलेले. तिनं पहिला हात मारला.

अळूच्या पानावरून पाणी पळावं तसा रंग पळाला.

तिनं पुन्हा मारला. रंगाचे थेंब झाले, थेंब गोळा होऊन खाली ओघळले, आणि टोप मध्येमध्ये उघडा राहिला, अंगावर कोड फुटल्यासारखा. तिनं बोट फिरवलं. बुळबुळीत.

“तेल,” ती म्हणाली. “कुणीतरी तेल लावलंय ह्याला.”

आम्ही दोघींनी टोप हुंगला. पण भोवती वलांडीवर मासळीच मासळी. तिथं कशालाही मासळीचाच वास.

नेमका तेव्हा कुंदन आला. तारापूरच्या कारखान्यात तो पाळीवर काम करायचा, सरावलीला खोली घेऊन राहायचा, तालमीसाठी रजा टाकून आलेला. फटफटी लावून “काय मामी, झाला का टोप?” एवढंच म्हणाला, तर हंसाबायनं ब्रश त्याच्या अंगावर उगारला.

“तू लावलंस!”

“काय लावलं?”

“तेल! तुला पायजे ना काम? मामाचा टोप बिघडला की तू दर्यासूर. मागून जायचं, पुढून मामी मामी करायचं!”

“मामी, देवीची शपथ, मी आत्ता उतरलोय गाडीवरनं. गाडी तापलीय बघा, हात लावा. आणि काम पायजे कुणाला? मागच्या तालमीला तो पत्रा घालून बघितला, दोन दिवस मान वळत नव्हती. कंपनीत सुपरवायझर बोलतो, सीधा देख के काम कर. मी बोललो, साहब, सीधाच दिखताय, दुसरीकडे दिखतच नाय!”

मला हसू आवरेना. हंसाबायचा ब्रश खाली आला. कुंदननं टोप घेतला, नाकाशी नेला. तो दिवसभर कारखान्याच्या हवेत असायचा, मासळीचा वास त्याच्या नाकात मुरलेला नव्हता.

“मुशीचं तेल हाय हे,” तो म्हणाला. “मी कुठनं आणू? सरावलीत खोबरेल पण धड मिळत नाय. मुशीचं तेल आता गावात तरी कुणाकडं असतं? त्या जुन्या…”

तो थांबला. हंसाबाय त्याच्याकडे बघत नव्हती. ती घराकडे बघत होती. दार लोटलेलं होतं.

“थिनर आण ओटीवरचा,” ती म्हणाली, अगदी वेगळ्या आवाजात. “आणि कपड्यांचा साबण.”

थिनरनं पुसलं, साबणानं घासलं, पुन्हा पॉलिश पेपर मारला. कुंदननं बाह्या सरसावून अर्धं काम केलं, ज्याच्यामुळे त्याचंच काम जाणार होतं ते. रंग बसला. फक्त मागच्या बाजूला, मानेच्या वर, तळहाताएवढ्या जागेत तेल खोल चोळलेलं असावं. तिथं काही केल्या रंग धरेना. दोनदा निघाल्यावर हंसाबायनं ती जागा तशीच सोडली.

दुसऱ्या दिवशी तालमीला जानूकाकांनी टोप हातात घेतला, वरखाली केला, कुंदनच्या डोक्यावर ठेवून लांबून बघितला.

“शोभतो,” ते म्हणाले. “मागं हे काय राहिलंय?”

“मागून कोण बघतं?” कुंदन म्हणाला.

“अरे येड्या, दर्यासूर लोकांच्या मधनं येतो. मागून अख्खं गाव बघतं.” मग हंसाबायच्या चेहऱ्याकडे बघून, “पण चालंल. दर्याचं जनावर हाय, एखादा डाग असायचाच. टोप पास. माणूस कुठं हाय?”

माणूस तालमीला आला नव्हता. हंसाबाय सांगून आली होती, मी दोनदा जाऊन आले होते. खाट रिकामी होती आणि तो किनाऱ्यावर कुठंतरी गेला होता, एवढंच शेजारणीनं सांगितलं. जानूकाकांनी सुस्कारा टाकला. “उद्या संध्याकाळी आला तर आला. नाय तर कुंदन, तू तयार राहा.”

जत्रेच्या संध्याकाळी देवळामागं झावळ्यांच्या खोपीत आमची रंगपटाची जागा होती. बाहेर पिपाण्या, भज्यांचा वास, हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारा लाउडस्पीकर. पहिला प्रवेश सुरू झाला होता. कुंदन तोंडाला निळा रंग फासून बसलेला, आणि त्याच्यासमोर फळीवर दोन टोप, एक पत्र्याचा, एक फायबरचा. हंसाबाय वाक्यं पुरवायच्या जागेवर जायला हवी होती, पण हलत नव्हती.

“मामी, कुठला घालू?” कुंदननं तिसऱ्यांदा विचारलं.

“थांब जरा.”

“दर्यासुराचा प्रवेश आला की मामी.”

“थांब म्हटलं ना!”

समुद्राच्या बाजूची झावळी बाजूला झाली आणि कमलाकांत आत आला. दाढी केलेली. कमरेला लाल रुमाल, अंगाला निळा रंग स्वतःच लावलेला, मानेपाशी थोडा कमी. हातात वल्हं होतं, त्याचं जुनं लाकडी. ते दोन दिवसांत त्यानं घासून, तेल पाजून इतकं चकचकीत केलं होतं की कंदिलाची ज्योत त्यात दिसत होती. खोपीत मुशीच्या तेलाचा वास भरला. इथं मासळी नव्हती. टोपाला लागलेल्या तेलाचाच तो वास, आणि इथं आम्हां तिघांनाही तो ओळखता आला.

कुंदन टुणकन उठला. “बसा मामा. जागा गरम करून ठेवलीय.”

“बाजूला हो,” कमलाकांत म्हणाला, पण प्रेमानं.

तो फळीसमोर उभा राहिला. पत्र्याच्या टोपावरून त्यानं एकदा हात फिरवला आणि तो तसाच राहू दिला. दुसरा उचलला. उचलताना त्याचा हात जरा जास्तच वर गेला. त्यानं वजनाची तयारी ठेवली होती आणि वजन नव्हतं. त्यानं टोप फिरवला. कल्ल्यांच्या चिरांवरून अंगठा नेला, मोजल्यासारखा. मागं आला. रंग न धरलेल्या त्या तळहाताएवढ्या जागेवर त्याचा तळहात टेकला आणि तिथंच राहिला. बरोबर मावला.

बाहेर तांडेलाची बायको ओरडत होती, “ये ना वर! गिळलंस ना माझं घर? आता तोंड दाखव!”

“मामा, तुमची वेळ,” कुंदन कुजबुजला.

हंसाबाय पुढं झाली. तिनं टोप त्याच्या हातातून घेतला, आतली चुंबळ सारखी केली आणि त्याच्या डोक्यावर बसवला. तो थोडा वाकला, तिला उंची पुरावी म्हणून. तिनं मानेमागं बोटं घालून बघितलं, जागा आहे ना. हनुवटीखालची नाडी बांधली.

“ओढतो का पुढं?”

त्यानं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. वल्हं उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं आणि बोटं एकेक करून आवळली.

“अवो,” हंसाबायचा आवाज बारीक झाला, आणि मी तो कधी बारीक झालेला ऐकला नव्हता. “तेल तुमीच लावलंत ना? माझ्या फायबरला?”

कमलाकांतनं तिच्याकडे बघितलं. टोपाच्या जबड्यातून त्याचे डोळे तेवढे दिसत होते. मग तो वळला, खांद्यानं झावळी लोटली, आणि डाव्या हातातलं वल्हं उंच धरून लोकांच्या मधून चालत गेला.